डबी छातीवर, वायर हृदयात : आयसीडी बसवण्याच्या प्रश्नाचा आढावा

“हार्टचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय. मशीन बसवून घ्या. छोटंसं ऑपरेशन आहे, दोन-तीन दिवसांत घरी जाल.” हृदयरोगतज्ज्ञांनी असं सांगितलं की घरचे लोक बहुधा दोन गोष्टी विचारतात : खर्च किती येईल आणि बॅटरी किती वर्षं चालेल. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण या मशीनसोबत पुढची वीस-तीस वर्षं काढायची असतील तर वायरीबद्दल विचारणं त्याहून महत्त्वाचं आहे. ती कोणत्या वाटेनं जाणार, कुठे टेकणार आणि बिघडली तर बाहेर कशी काढणार? इम्प्लांटेबल कार्डिओव्हर्टर डिफिब्रिलेटर, म्हणजे आयसीडी, माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसला त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात डबी लहान झाली, हुशार झाली. वायरीचा गुंता मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

आधी या यंत्राचं काम समजून घेऊ, कारण त्याबद्दल घरोघरी गैरसमज आहे. आयसीडीनं रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज निघत नाही, हार्ट अटॅक टळत नाही, पंपिंगही सुधारत नाही. ते पहारा देतं फक्त हृदयाच्या विजेवर. खालच्या कप्प्यांची लय बिघडली की कधी ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात जातात, तर कधी हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे जातच नाही. अशा वेळी माणूस काही सेकंदांत कोसळतो आणि शॉक मिळायला जितकी मिनिटं लागतील तितकी वाचण्याची आशा झपाट्यानं कमी होत जाते. आयसीडी ही गडबड ओळखतो. आधी जलद, हलके ठोके देऊन लय मोडायचा प्रयत्न करतो. त्यानं भागलं तर रुग्णाला बहुतेक वेळा कळतही नाही. नाही भागलं तर आतली बॅटरी कपॅसिटर भरते आणि सुमारे साडेसातशे व्होल्टचा शॉक देते. ओळखण्यापासून शॉकपर्यंत बहुतेक वेळा अर्धं मिनिटही लागत नाही.

ही कल्पना एका मृत्यूतून निघाली. मिशेल मिरोव्स्की यांचा जन्म १९२४ मध्ये वॉर्सातल्या ज्यू कुटुंबात झाला. १९३९ मध्ये जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला तेव्हा ते घर सोडून निघाले आणि जगले. फ्रान्समधल्या ल्यों इथे वैद्यकीचं शिक्षण घेऊन ते इस्रायलमध्ये स्थिरावले. तिथले त्यांचे गुरू हॅरी हेलर यांना लय बिघडण्याचे झटके वारंवार येत. हेलर कायमचे रुग्णालयात राहू शकत नव्हते आणि बाहेर शॉकचं मशीन सोबत नव्हतं. १९६६ मध्ये ते गेले. मग हे मशीन माणसाच्या आतच का असू नये, हा प्रश्न मिरोव्स्कींच्या डोक्यातून गेला नाही. १९६८ मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय हॉस्पिटलमध्ये आले आणि मॉर्टन मॉवर या सहकाऱ्याबरोबर कामाला लागले.

विरोध जबरदस्त होता, आणि तो करणाऱ्यांत बर्नार्ड लाउन होते. आजचं डीसी करंटचं डिफिब्रिलेटर ज्यांनी रूढ केलं तेच लाउन. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर कडक टीका छापली. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं : औषधांनी आणि ऑपरेशननं मूळ आजार आवरायचा सोडून शरीरात शॉकचं यंत्र ठेवायचं, आणि ते भलत्या वेळी सुटलं तर? हा आक्षेप आजही पूर्ण निकाली निघालेला नाही. मिरोव्स्की आणि मॉवर यांनी कुत्र्यावरच्या प्रयोगाची फिल्म करून दाखवली. कुत्रा कोसळतो, आतलं यंत्र शॉक देतं, कुत्रा उठून शेपूट हलवतो. काहींना तरीही संशय आला, की कुत्र्याला पडायला आणि उठायला शिकवलं असणार. मग फिल्ममध्ये ईसीजीची पट्टीही दाखवावी लागली.

४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये पहिलं यंत्र माणसात बसलं. ऑपरेशन लेव्ही वॉटकिन्स यांनी केलं. हॉपकिन्समध्ये हृदयशस्त्रक्रियेचे चीफ रेसिडेंट झालेले ते पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या चर्चमध्ये वाढलेले. त्या काळी हे यंत्र मिळायचं तर हृदय बंद पडून दोनदा वाचलेलं असणं, आणि औषध चालू असतानाही हे घडलेलं असणं, अशी अट होती. म्हणजे यंत्र फक्त मरणाच्या दारातून दोनदा परतलेल्यांसाठी होतं. त्यासाठी छाती उघडावी लागे. हृदयाच्या टोकावर एक पट्टीसारखा इलेक्ट्रोड शिवायचा, दुसरा वरच्या मोठ्या शिरेत ठेवायचा, आणि पाव किलोच्या आसपास वजनाची डबी पोटाच्या भिंतीत खिसा करून बसवायची, कारण एवढी मोठी वस्तू छातीवर मावतच नव्हती. आधीच कमजोर हृदय आणि त्यावर असं ऑपरेशन. शंभरात तीन-चार रुग्ण ऑपरेशनमुळेच दगावत. तरी १९८५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिली. मिरोव्स्की १९९० मध्ये कर्करोगानं गेले. त्यांचं यंत्र कॉलरबोनखाली आलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

हा बदल नव्वदच्या दशकात झाला आणि तीन गोष्टी जुळून आल्यामुळे झाला. शॉकची लाट दोन टप्प्यांची, मध्येच दिशा बदलणारी केली की कमी ऊर्जेत काम होतं हे कळलं. शिरेतून घालायच्या वायरीवरच शॉकची कॉइल बसवता आली. आणि डबीच्या धातूच्या कवचालाच शॉकचं दुसरं टोक करण्यात आलं, म्हणजे वीज हृदयातल्या कॉइलपासून डाव्या छातीवरच्या डबीपर्यंत हृदयाला ओलांडून जाते. छाती उघडायची गरज संपली. काम ऑपरेशन थिएटरमधून कॅथ लॅबमध्ये आणि हृदयसर्जनकडून हृदयाच्या विजेच्या तज्ज्ञाकडे गेलं.

आज हे काम कसं होतं ते जवळून पाहू. बहुतेकांना पूर्ण भूल देत नाहीत; जागेवर बधिर करतात आणि शिरेतून झोपेचं औषध देतात. कापण्याच्या आधी तासाभरात अँटिबायोटिक द्यायचंच. डाव्या कॉलरबोनच्या दोन बोटं खाली साधारण दोन इंचांचा छेद घेतात. खांद्याचा आणि छातीचा स्नायू जिथे भेटतात त्या खाचेत सेफॅलिक शीर असते. ती उघडून, डोळ्यांनी पाहून तिच्यातून वायर घातली तर फुप्फुसाला सुई लागण्याचा धोका जवळजवळ राहत नाही. पण ती कधी फार बारीक निघते. मग सुईनं काखेतली शीर गाठायची, हल्ली सोनोग्राफीच्या मदतीनं. कॉलरबोनच्या अगदी आतल्या बाजूला सुई टोचणं हातासरशी होतं, म्हणून कित्येक वर्षं तीच पद्धत चालली. पण तिथे वायर कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या कात्रीत सापडते आणि हाताच्या दर हालचालीबरोबर चेपली जाते. असली वायर ऑपरेशनच्या दिवशी उत्तम चालते. भंगते ती काही वर्षांनी. जागा निवडताना केलेल्या त्या पाच मिनिटांच्या सोयीची किंमत रुग्ण नंतर मोजतो, आणि तेव्हा त्याचं कारण त्याला कुणी सांगतही नाही.

एक्सरेच्या पडद्यावर पाहत वायर वरच्या मोठ्या शिरेतून उजव्या कर्णिकेत आणि तिथून झडप ओलांडून उजव्या जवनिकेत नेतात. टोकाला बारीक स्क्रू असतो, तो फिरवून स्नायूत रुतवतात. मग मोजणी सुरू होते. हृदयाचा ठोका वायरीला पुरेसा मोठा दिसतो का? कमीत कमी किती व्होल्टला हृदय उत्तर देतं? जोरात करंट दिला तर पोटाचा पडदा उडत तर नाही ना? आकडे जमले नाहीत तर स्क्रू सोडवून दुसरी जागा. कंटाळा येतो, कमरेचं शिशाचं एप्रन जड होतं, पण इथे घाई झाली तर वायर सुटते आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. जागा पक्की झाली की वायरीला थोडी सैल वळी ठेवून ती स्नायूला बांधतात. स्नायूवर, चरबीच्या थराखाली बोटानं खिसा करतात, सगळे रक्तस्राव नीट थांबवतात, वायर डबीत घालून स्क्रू आवळतात आणि एकदा ओढून पाहतात. अंगानं बारीक माणसांत त्वचेखाली काहीच नसतं, डबीचा कोपरा टोचून कातडी पातळ होत जाते; तिथे खिसा स्नायूखाली करावा लागतो.

पूर्वी शेवटी हृदय मुद्दाम थरथरवून शॉक चालतो का हे पाहत. २०१५ मध्ये छापलेल्या अडीच हजार रुग्णांच्या सिंपल या चाचणीत या परीक्षेचा रुग्णाला फायदा दिसला नाही. शिरेतल्या नेहमीच्या यंत्रासाठी ती बहुतेक ठिकाणी बंद झाली. घरी जाताना डावा हात महिना-दीड महिना खांद्याच्या वर नेऊ नका असं सांगतात. ते पाळावं, पण हात गळ्यात बांधून ठेवू नये. खांदा आखडून बसलेले कितीतरी रुग्ण असतात आणि तो सोडवायला वायर रुतायला लागते त्याहून जास्त वेळ लागतो.

खिशात रक्त साचणं हे वरवर किरकोळ वाटणारं दुखणं आहे, पण साचलेल्या रक्तात जंतू वाढतात. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिन गोळी बंद करून मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शनं द्यायची, अशी पद्धत सर्वत्र होती. २०१३ च्या ब्रूज कंट्रोल चाचणीत तसं केलेल्यांपैकी १६ टक्क्यांच्या खिशात लक्षणीय रक्त साचलं. गोळी चालूच ठेवलेल्यांत ३.५ टक्क्यांच्या. वर्षानुवर्षं खबरदारी म्हणून केलेली गोष्टच अपाय करत होती. जंतुसंसर्ग एकदा डबीपर्यंत पोचला की नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही, डबी आणि वायर दोन्ही काढावं लागतं. आणि जुनी वायर काढणं हे नवी घालण्याहून कितीतरी अवघड. वर्षं जातील तशी ती शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला चिकटते. लेझरच्या नळीनं चिकटलेला भाग सोडवत ओढताना वरची मोठी शीर फाटू शकते, म्हणून छाती उघडू शकणारी टीम तयार ठेवूनच हे काम करायचं असतं. ‘छोटंसं ऑपरेशन’ असं सांगताना हे काढण्याचं मोठं ऑपरेशनही सांगितलं गेलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

जंतू नसले तरी वायर स्वतःहून बिघडू शकते. हृदय दिवसाला लाखभर वेळा ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला वायर वाकते. छत्रीची काडी उघडझाप करून शेवटी एकाच जागी मोडते, तसंच इथेही होतं. वायर बारीक केली की शिरेतून सहज जाते, पण ती सोय अंगावर आली. मेडट्रॉनिकची स्प्रिंट फिडेलिस ही बारीक वायर मोडत असल्याचं दिसल्यावर ऑक्टोबर २००७ मध्ये बाजारातून काढली गेली. तोवर जगभरात अडीच लाखांहून जास्त लोकांत ती बसली होती. पुढे सेंट ज्यूड कंपनीच्या रियाटा वायरीत आतली तार वेष्टण घासून बाहेर येत असल्याचं आढळलं. मोडकी तार खोटे सिग्नल पाठवते, यंत्राला वाटतं हृदय थरथरतंय, आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला एकामागून एक शॉक बसतात. हे ज्यांनी भोगलं ते पुढे आंघोळीलाही एकटे जायला घाबरतात. लाउन यांची भीती अशा रुग्णांच्या बाबतीत खरी ठरली.

यावरचा धाडसी उपाय म्हणजे वायर शिरेत घालायचीच नाही. त्वचेखालच्या आयसीडीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. यात डबी डाव्या काखेच्या खाली, बरगड्यांवर, दोन स्नायूंच्या मध्ये बसते आणि वायर छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेनं कातडीखालून जाते. हृदयाला आणि रक्ताला काहीच शिवत नाही. शॉक लांबून द्यायचा असल्यानं ८० ज्यूलचा लागतो, त्यामुळे डबी मोठी. आणि हृदयाला ठोके देऊन लय मोडणं किंवा मंद हृदयाला कायमचा आधार देणं तिला जमत नाही. २०२० मध्ये आलेल्या प्रेटोरियन चाचणीत ८४९ रुग्णांत दोन्ही यंत्रांची तुलना झाली. गुंतागुंत आणि नको असताना बसलेले शॉक मिळून दोन्हीकडे साधारण १५ टक्के. पण आत डोकावलं तर फरक दिसतो : वायरीच्या तक्रारी त्वचेखालच्या यंत्रात १.४ टक्के, शिरेतल्यात ६.६ टक्के, उलट नको असताना शॉक त्वचेखालच्यात थोडे जास्त. तरुण रुग्ण, डायलिसिसवर असलेले, ज्यांना एकदा जंतुसंसर्ग झालाय असे लोक, यांच्यासाठी मला त्वचेखालचं यंत्र उजवं वाटतं. ज्याला ठोक्यांचा आधार लागतो त्याच्यासाठी ते नाही. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे वायर छातीच्या हाडाच्या मागे, हृदयाच्या पुढे सरकवणं. तिथून हलके ठोकेही देता येतात आणि ४० ज्यूलमध्ये शॉकही. या यंत्राला अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बंद डोळ्यांनी हृदयाच्या इतक्या जवळ बोगदा करायचा असल्यानं शिकलेले हात लागतात, आणि वीस वर्षांनी ही वायर कशी वागते ते कळायला वीस वर्षंच जावी लागणार आहेत.

कुठे बसवायचं याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे कुणाला बसवायचं. एकदा हृदय बंद पडून वाचलेल्यांना आयसीडी द्यावा हे १९९७ च्या अ‍ॅव्हिड चाचणीपासून स्पष्ट आहे. वाद आहे तो अजून काही न घडलेल्यांचा. मॅडिट-२ या २००२ च्या चाचणीत हार्ट अटॅकनंतर पंपिंग ३० टक्के किंवा कमी असलेल्या १,२३२ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण १९.८ टक्क्यांवरून १४.२ वर आलं. मात्र अटॅकनंतर पहिल्या ४० दिवसांत मशीन बसवून जीव वाचत नाहीत, हे २००४ च्या डिनामिटनं दाखवलं. लयीमुळे होणारे मृत्यू घटले, पण इतर कारणांनी होणारे तितकेच वाढले. म्हणून अटॅकच्या त्याच मुक्कामात, केवळ पंपिंगच्या आकड्यावर आयसीडी सुचवला तर थांबून दुसरं मत घ्यावं. औषधं नीट चालू करून तीन महिन्यांनी पुन्हा इको केला की कित्येकांचं पंपिंग पस्तीसच्या वर गेलेलं असतं आणि मशीनची गरजच उरत नाही. ज्यांचं हृदय ब्लॉकेजशिवाय कमजोर झालंय त्यांच्याबाबत २०१६ च्या डॅनिश चाचणीनं आणखी विचारात पाडलं. अचानक मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, पण एकूण मृत्यूंत ठोस फरक पडला नाही. फायदा दिसला तो वयानं लहान असलेल्यांना.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायला हवी. पंपिंग चांगलं, ब्लॉकेज नाही, तरी खालच्या कप्प्यातून ठोके धावतात, अशा रुग्णांत सार्कॉइडोसिस किंवा क्षयाच्या गाठी हृदयात असू शकतात. हैदराबादचे डॉ. कलंबूर नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे रुग्ण नोंदवले. छातीतल्या गाठींचा तुकडा तपासला, त्याप्रमाणे स्टेरॉइड किंवा क्षयाची औषधं दिली तर मूळ आजार आवरतो. अशा रुग्णाला नुसतं मशीन बसवून घरी पाठवणं म्हणजे घरात आग धुमसत असताना धोक्याची घंटा लावून बाहेर पडणं.

बॅटरी सात ते दहा वर्षांनी संपते. डबी बदलण्याचं ऑपरेशन सोपं समजतात, पण जुना खिसा पुन्हा उघडला की जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा वाढतो. अँटिबायोटिकचा लेप असलेल्या जाळीच्या पिशवीत डबी ठेवली तर तो १.२ टक्क्यांवरून ०.७ वर येतो, असं २०१९ मध्ये सुमारे सात हजार रुग्णांच्या रॅप-इट चाचणीत दिसलं. डबी बदलताना पुन्हा तोच हिशेब मांडायला हवा : आता पंपिंग किती आहे, दहा वर्षांत एकदा तरी मशीननं काम केलं का, आणि ऐंशीच्या घरातल्या आजोबांना, ज्यांची मूत्रपिंडं आणि फुप्फुसं थकली आहेत, त्यांना पुढची दहा वर्षं शॉकची तरतूद हवी आहे का. पहिल्या वेळी कुणीतरी विचारतं, दुसऱ्या वेळी ते गृहीतच धरतात.

माणूस दुसऱ्या आजारानं शेवटच्या टप्प्यात आला की शॉकचा भाग बंद करता येतो. प्रोग्रॅमर नावाचं उपकरण बाहेरूनच छातीवर ठेवलं जातं, कापाकापी लागत नाही. तातडीच्या वेळी डबीवर चुंबक धरला तरी बहुतेक यंत्रांत शॉक थांबतो. ठोक्यांचा आधार चालू राहतो, त्यामुळे हृदय त्या क्षणी थांबत नाही. हे न सांगितल्यामुळे शेवटच्या रात्री घरच्यांसमोर शॉक बसत राहिल्याच्या घटना जगभर नोंदल्या आहेत. बसवतानाच्या संमतीपत्रात हा परिच्छेद असायलाच हवा.

आणि मृत्यूनंतर डबी काढून घ्यावी लागते. दहनात लिथियमची बॅटरी फुटते; चितेजवळ उभ्या असलेल्यांना आणि विद्युतदाहिनीला दोन्हींना धोका. काढण्याआधी यंत्र बंद करणंही गरजेचं, नाहीतर वायर कापताना काढणाऱ्याच्या हातालाच शॉक बसू शकतो. काढलेल्या डबीत अनेकदा वर्षानुवर्षांची बॅटरी उरलेली असते. अमेरिकेतल्या डॉ. बेहझाद पवरी आणि मुंबईतल्या डॉ. यश लोखंडवाला यांच्या गटानं अशा, अमेरिकेत काढलेल्या आणि तीन वर्षांहून जास्त बॅटरी शिल्लक असलेल्या डब्या पुन्हा निर्जंतुक करून मुंबईतल्या यंत्र न परवडणाऱ्या ८१ रुग्णांना बसवल्या. २०१२ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत एकालाही जंतुसंसर्ग झालेला नव्हता आणि निम्म्याहून जास्त, म्हणजे ४४ जणांना त्या वापरलेल्या डबीनं जीवघेण्या लयीतून बाहेर काढलं होतं. २०२० मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या गटानं पुन्हा निर्जंतुक केलेली यंत्रं बसवलेल्या लॅटिन अमेरिकेतल्या एक हजाराहून जास्त रुग्णांची तुलना कॅनडात नवी यंत्रं बसवलेल्यांशी केली. जंतुसंसर्ग २ टक्के विरुद्ध १.२ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का ठरला नाही. ज्याला नवीन आयसीडीचे काही लाख रुपये कधीच जमणार नाहीत, त्याच्यापुढे दुसरा पर्याय काहीच न बसवण्याचा असतो. हे सगळं त्याला समजेल अशा भाषेत सांगून, त्यानं होकार दिला तर वापरलेली डबी बसवायला माझी हरकत नाही.